एका नवसाची दोन वजनं

शाळेचा शिपाई दुकानात आला तेव्हा मी एका शेतकऱ्याशी मिरचीच्या भावावरून भांडत होतो. शिपाई बाजूला उभा राहून भांडण संपायची वाट पाहत होता. ते संपेना, तेव्हा मध्येच म्हणाला, "शेठ, हेडमास्तरांनी तुमचा काटा मागितलाय. शाळेचा बिघडला. उद्या पोरांची तपासणी हाय, डॉक्टर येणार हायत."

काटा ही उसनी द्यायची वस्तू नाही. माझा तो इलेक्ट्रॉनिक काटा तेव्हा नवा होता आणि त्याच्या पत्र्यावर दुकानातल्या माणसालाही मी चप्पल ठेवू देत नसे. पण माझी दोन्ही मुलं त्याच शाळेत होती, थोरली सातवीला आणि धाकटा चौथीला. मी म्हणालो, "देतो. पण मीच आणीन आणि मीच परत नेईन."

दोन हजार साल उलटून सहा-सात वर्षं झाली असतील. भोकरदनच्या बाजारात माझं नाव तोवर झालं होतं, चांगलंही आणि वाईटही. एक्याऐंशीच्या सुमाराला केदारखेड्याहून मी इथं आलो तो पाठीवर पोती वाहायला. वाहता वाहता माल कळायला लागला. मिरचीचं पोतं फसवं असतं. टम्म फुगलेलं पोतं उचलावं तर आत नुसती देठं आणि फोलपटं. दुसरं तेवढ्याच आकाराचं पोतं उचलताना कंबर मोडते, कारण रात्री त्याच्यावर पाणी मारलेलं असतं. नुसता आकार पाहणारा बुडतो आणि नुसतं वजन पाहणाराही बुडतो. एवढ्या आकाराच्या पोत्यात किती वजन असायला हवं हे ज्याच्या हाताला कळतं, तोच या धंद्यात टिकतो. माझ्या हाताला ते कळत होतं. पुढं हमालीची गाडी झाली, गाडीचं दुकान झालं. कुणी हात दिला नाही. दिला असता तर त्यानं तो आयुष्यभर बोलून दाखवला असता, म्हणून बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. काटा रिक्षात घालून मी शाळेत गेलो. व्हरांड्यात भिंतीला उंची मोजायची पट्टी लावली होती. तपासायला आलेली डॉक्टरीणबाई अगदी तरुण होती, खांद्याला साधी कापडी पिशवी. मी काटा जमिनीवर ठेवला. तिनं पिशवीतून दोन लोखंडी वजनं काढली आणि आधी माझा काटाच तपासायला घेतला.

माझं डोकं फिरलं. "बाई, हा काटा बराबर हाय. बाजारात कुणालाही विचारा."

"असेल की काका," ती खाली वाकूनच म्हणाली. "मी प्रत्येक काटा तपासते. मागच्या गावात तर दवाखान्याचाच चुकीचा होता."

काट्यावर आकडे आले, ती मान हलवून म्हणाली, "अगदी बरोबर आहे." मनातून मला ती आवडली. मी पण कुणाच्या काट्यावर विश्वास ठेवत नाही. काटा लगेच परत न्यायचा नव्हता, म्हणून खुर्ची ओढून तिथंच बसलो.

चप्पल काढून, खिसे रिकामे करून एकेक पोर काट्यावर चढत होतं. मग भिंतीला टाच, पाठ आणि डोकं टेकवून उंची. बाई छोट्या गणकयंत्रावर काही करायची, एका रंगीत तक्त्यावर बोट फिरवायची आणि शाळेतल्या एक शिक्षिका लिहून घ्यायच्या. चौथीची रांग आली. माझा धाकटा काट्यावर चढला. छत्तीस किलो.

हेडमास्तर हसले. "शेठ, माल बरा भरलाय."

मीही हसलो. छाती फुगली म्हटलं तरी चालेल. त्या छत्तीस किलोंमागं एक गोष्ट होती आणि ती आमच्या भावकीत सगळ्यांना ठाऊक होती.

धाकटा दोन वर्षांचा असताना त्याच्या छातीत कफ भरला. जालन्याच्या दवाखान्यात तो निळा पडलेला मी पाहिला आहे. तेव्हा माझ्या बायकोनं आमच्या कुळाच्या देवीला नवस बोलला: पोरगं वाचलं तर गुळानं तोलीन. आमच्याकडं अशी तुला करतात. पारड्यात एका बाजूला मूल आणि दुसऱ्या बाजूला गुळाच्या ढेपी, मग तो गूळ गावात वाटायचा. पोरगं वाचलं. त्याच वर्षी केदारखेड्यात माझ्या चुलतभावानं त्याच्या पोराची तुला केली, बँडबाजा लावून, पंगती उठवून. माझं पोर तेव्हा आजारातून उठलेलं, काडीसारखं. चुलतभाऊ चारचौघांत म्हणाला, "तुझ्या पोराला ढेप कशाला लागती? त्याला तोलायला पासंगच पुरंल."

पासंग म्हणजे पारडं सारखं करायला टाकतात तो खडा. पंगतीत सगळे हसले. मी पानावरून उठून आलो. त्या दिवशी ठरवलं, माझा तोलायचा तर असा तोलीन की याच्या पोराच्या दीडपट गूळ लागेल. मग दर वर्षी बायको विचारायची, "औंदा करू या का नवस?" आणि मी म्हणायचो, "भरू दे जरा पोरगं. पुढच्या साली." पोराला सकाळी तूप-साखर, दुपारी दुकानातून पेढे, रात्री दुधात बिस्किटं. तो भरत गेला. चाळीस झाला की तुला, असं माझ्या मनात होतं.

त्यामुळं डॉक्टरीणबाई तक्त्यावरून नजर काढून, "याचं वजन फार जास्त आहे, काका," असं म्हणाली तेव्हा मला आधी ते कौतुकच वाटलं.

"मग! घरचं तूप हाय."

"नाही, चांगल्या अर्थानं नाही म्हणत. याच्या उंचीला हे वजन जास्त आहे. बरंच."

मला भाव पाडायची सवय. मी म्हणालो, "बरंच म्हणजे किती? पोरगं वाढून राह्यलंय. दोन बोटं उंची जास्त धरा. बसंल की हिशोबात."

"उंची धरायची नसते, मोजायची असते," ती म्हणाली, पण चिडली नाही. तिनं मला जवळ बोलावून दाखवलं. वजनाला मीटरमधल्या उंचीनं भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनं भागायचं. जो आकडा येतो तो त्या अंगाचा. मोठ्या माणसाला तेवढा पुरतो. लहान मुलाला तेवढ्यावर भागत नाही, कारण नऊ वर्षांच्या मुलाचं अंग वेगळं आणि बारा वर्षांच्या मुलीचं वेगळं. म्हणून तो आकडा त्याच वयाच्या मुलांच्या किंवा मुलींच्या तक्त्यात पाहायचा. फार वर गेला तरी चिंता, फार खाली गेला तरी चिंता.

"आणि ही नुसती चाळणी आहे," ती म्हणाली. "चाळणीवर राहिलं म्हणजे आजारच आहे असं नाही. पण मग नीट बघावं लागतं. का राहिलं ते शोधावं लागतं."

चाळणी मला कळते. पोत्याचा आकार आणि पोत्याचं वजन, हे तर मी पंचवीस वर्षं करत होतो. माझ्या डोळ्यांसमोर माझं पोरगं पाणी मारलेल्या पोत्यासारखं उभं राहिलं आणि मला स्वतःच्याच विचाराचा राग आला. पाणी कुणी मारलं, हे तेव्हा विचारात आलं नाही.

तेवढ्यात सातवीची रांग लागली. माझी थोरली पुढं आली. पोरगी उंच, वेणी कमरेपर्यंत, वर्गात कायम पहिली किंवा दुसरी. घरात पाहुणा आला तर पाणी तिच्या हातचं, हिशेब तिच्या तोंडचे. मला तिची कधी काळजीच करावी लागली नाही. मी बाईला म्हणालो, "हिचं घ्या जल्दी उरकून. ही आमची ठणठणीत हाय."

ती काट्यावर चढली. काट्यावर आकडा आला सव्वीस.

मी खुर्चीवरून उठलो. "उतर खाली. बाई, काटा पुन्हा शून्यावर घ्या."

बाईनं घेतला. थोरली पुन्हा चढली. सव्वीस.

"फरशी हलून राह्यली असंल," मी म्हणालो. काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला. पातळी पाहिली. ती तिसऱ्यांदा चढली, मान खाली घालून, सगळ्या वर्गासमोर. सव्वीस.

"काटा तुमचाच आहे, काका," बाई हळू आवाजात म्हणाली.

दुसऱ्याचा काटा असता तर मी तो लाथेनं उडवला असता. घरात दहा किलोंचा फरक, आणि तोही उलटा. तीन वर्षांनी धाकटा, वीतभर बुटका, तो छत्तीस. थोरली सव्वीस. रोज मी ही दोन पोरं पाहत होतो. खरं तर पाहत कुठं होतो? सकाळी सहाला बाजार, रात्री नऊला घर. पोरं जेवून झोपायच्या बेतात. पोरगी उंच आहे, एवढंच मला दिसायचं. ज्या पोत्याच्या आकाराला मी बाजारात कधी फसलो नाही, त्याला घरात फसलो होतो.

बाईनं पोरीला बाजूला घेतलं. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. मी मागंच उभा.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काही न्हाई."

"का गं?"

"आज शुक्रवार हाय ना. उपास."

"बरं. आणखी कुठल्या वारी असतो उपास?"

पोरगी माझ्याकडं न बघता बोटं मोडत बोलली, "मंगळवार. सोमवार. चतुर्थी असती. एकादशी."

"मग शाळेतली खिचडी?"

"त्यात कांदा असतो. मी घेत न्हाई त्या दिवशी."

मंगळवारचं मला माहीत होतं, म्हणजे घरात कुणीतरी मंगळवार धरतं एवढं माहीत होतं. आठवड्यातले तीन दिवस पोरगी उपाशी शाळेत येते, हे मी एका परक्या बाईच्या तोंडून, शाळेच्या व्हरांड्यात, दीडशे पोरांच्या कलकलाटात ऐकत होतो.

लिहून घेणाऱ्या शिक्षिका सहज बोलून गेल्या, "मागच्या साली पण हिचं एवढंच होतं. मला आठवतं, मीच घेतलं होतं."

मी त्यांच्याकडं वळलो. "एवढंच होतं? मागच्या सालीपण?"

"हो ना. उंची वाढली, वजन नाही वाढलं."

"आन् मला सांगितलं काहून न्हाई?"

हेडमास्तर मध्ये आले. "शेठ, शांत व्हा. वजनं घ्यायची आणि वर पाठवायची, एवढंच आमचं काम असतं. पाठवली होती."

"वर म्हंजे कुठं? वर कुणाची पोरगी हाय? पोरगी माझी हाय! माझं दुकान शाळेपासून हाकेच्या अंतरावर हाय, काटा पाहिजे तर शिपाई येतो माझ्याकडं. पोरगी वाळून राह्यली हे सांगायला शिपाई न्हाई मिळाला तुम्हाला?"

माझा आवाज चढला तशी रांगेतली पोरं मागं सरकली. पोरगी रडायला लागली. बाईनं मला हाताला धरून बाहेर नेलं, नाहीतर त्या दिवशी काय झालं असतं सांगता येत नाही. तो राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. पोरांची वजनं घेतात, उंची घेतात, आणि ज्याच्या घरात ते पोर जेवतं त्यालाच सांगत नाहीत. मग कशाला चढवता काट्यावर? माल तोलून भाव न सांगणाऱ्या व्यापाऱ्याला आमच्या बाजारात उभं करत नाहीत.

बाईनं बाहेर मला नीट सांगितलं. पोरीचं रक्त तपासून घ्या. जंताची गोळी द्या. उपास ताबडतोब बंद. आणि एकदम कोंबून खाऊ घालू नका, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. मुलाला उपाशी ठेवायचं नाही, चिडवायचं नाही. पेढे, बिस्किटं बंद, घरचं साधं जेवण आणि संध्याकाळी मैदानावर. "तीन महिन्यांनी दोघांनाही घेऊन या," ती म्हणाली. "आणि काका, घरी जाऊन ओरडू नका."

मी घरी जाऊन ओरडलो.

बायको भाकरी थापत होती. ती आधी घाबरली, मग तिचाही आवाज चढला. "माझ्यावर काय गरजता? उपास माझा होता. नवस फिटेपर्यंत मंगळवार धरीन असं मीच बोलले होते देवीला. मंग तीन वर्षांमागं माझं पित्ताचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणले उपाशी राहू नका. घेतलेला उपास असाच टाकता येतो व्हय? दुसऱ्याच्या अंगावर द्यावा लागतो. तिच्या दिला."

"पोरीच्या?"

"मंग कुणाच्या? तुमच्या? तुम्हाला दुपारी चार वेळा च्या लागतो."

"आन् शुक्रवार? सोमवार?"

शुक्रवार तिला ठाऊक होता. सोमवार नव्हता. शाळेतली खिचडी पोरगी घेत नाही, हेही नव्हतं. तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपली आणि तिनं ती उलटली नाही.

आम्ही पोरीला बोलावलं. ती दारात उभी राहिली, पदराशी चाळा करावा तशी वेणीशी चाळा करत.

"शुक्रवार कुणी सांगितला?" मी विचारलं.

"कुणी न्हाई. बारक्याला टायफॉइड झाल्ता ना, तेव्हा मी धरला. चार दिवसांत ताप उतरला."

"सोमवार?"

"तो लिंबावरून पडल्ता तेव्हा. हात मोडला न्हाई त्याचा. नुसता मुरगळला."

तिच्या लेखी सगळं सिद्ध झालेलं होतं. दर वेळी एक वार जास्त, दर वेळी भाऊ बरा. आणि घरादारात कौतुक, पोरगी किती गुणाची. मीही एकदा शेजाऱ्यांसमोर म्हणालो होतो, आमची लेक देवाधर्माची आहे.

"उद्यापासून बिलकुल बंद," मी म्हणालो. ती "बरं" म्हणाली.

सोमवारी मी मुद्दाम दुपारी घरी आलो. बाजाराच्या दिवसात दुकान टाकून घरी येणं ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ असावी. शाळा अर्धी होती, दोघं जेवायला बसली होती. पोरीच्या ताटात भाजी, भाकरी, वरण, सगळं होतं. मला बरं वाटलं. मी हात धुवायला मोरीवर गेलो, परत आलो तर तिचं ताट रिकामं. इतक्या जल्दी? धाकट्याचे दोन्ही गाल फुगलेले आणि त्याच्या मांडीखालून भाकरीचा कोपरा बाहेर आलेला.

"ही कुणाची भाकर?" मी विचारलं.

तोंड भरलेलं असतानाच तो म्हणाला, "ताईची. ती देती मला रोज. तिला न्हाई आवडत."

माझं तूप आणि माझे पेढे होतेच. पण त्या छत्तीस किलोंत माझ्या पोरीच्या भाकरीही होत्या. एका ताटातलं उचलून दुसऱ्या ताटात गेलेलं वजन मी शाळेत छाती फुगवून पाहत होतो.

बायको भिंतीला टेकून तोंडावर पदर धरून उभी होती. मी या वेळी ओरडलो नाही. ओरडायचं बळच राहिलं नव्हतं. पोरीला म्हणालो, "तू बरं म्हणलीस ना?"

"हो."

"मंग?"

"अप्पा, त्याला काही झालं तर?"

मी तिच्याशी बोलायला बसलो, गिऱ्हाइकाशी बसतो तसा. आधी म्हणालो, सगळे वार सोड. नाही. दोन सोड, मंगळवार ठेव. नाही. मंगळवार अर्धा धर, सकाळी दूध घे. "दुधानं मोडतो उपास," ती म्हणाली. उपासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे, केळी, पोटभर खा. "मायनं एकाच वेळच्या जेवणाचं बोललं होतं." मी देवीची शपथ घातली, डॉक्टरांची भीती घातली, सायकल घेऊन देतो म्हणालो. सायकलीला तिचे डोळे जरा हलले, पण मान हललीच नाही. बाजारात माझ्यासमोर एवढं टिकलेलं माणूस मला आठवत नाही.

शेवटी मी चिडून म्हणालो, "मंग कव्हा सोडणार तू हे?"

"नवस फिटला की सगळे वार लगेच," ती म्हणाली. "पण तुम्हीच तर दर वेळी म्हणता, पुढच्या साली."

धाकटा चघळायचा थांबला.

मी बायकोला म्हणालो, "उद्या मंगळवार हाय. उद्याच."

"उद्या?" ती घाबरली. "पाहुणे न्हाईत, आवतण न्हाई, जेवणाचं काही न्हाई. भावकीला काय सांगायचं? तुमचा चुलतभाऊ काय म्हणंल?"

"म्हणू दे."

हे म्हणणं सोपं गेलं नाही. सात वर्षं मी ज्या दिवसाची वाट पाहत होतो तो असा, कुणाला न बोलावता, पोरगं चाळीस व्हायच्या आधी, नुसत्या एका टेंपोत गुळाच्या ढेपी घालून उरकायचा होता.

मंगळवारी आम्ही चौघं केदारखेड्याला गेलो. देवीचं ठाणं गावाबाहेर आहे. तिथल्या चिंचेच्या फांदीला तुलेचं पारडं बांधतात. गुरवानं विचारलं, "बाकीची मंडळी मागून येऊन राह्यली का?" मी म्हणालो, "एवढीच हाय." त्यानं पारडं बांधलं. धाकटा एका बाजूला मांडी घालून बसला. ढेपी चढवायला लागलो. काटा नाही, आकडा नाही, नुसतं पारडं हळूहळू वर येत होतं.

टेंपो पाहून चुलतभाऊ आलाच. शेतातून तसाच, हातात विळा. "काय रे, गुपचूप? मला वाटलं हत्तीवरून आणशील पोरगं. बँड कुठंय? दिवाळं तर न्हाई ना निघालं मिरचीत?"

माझ्या मस्तकात तिडीक उठली. सात वर्षांचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, पासंगाचं, रोज घासून धार लावलेलं. पण देवळाच्या पायरीवर पोरगी बसली होती. उन्हात तिच्या मनगटाची हाडं दिसत होती. सकाळपासून तिनं पाणीच घेतलं होतं, कारण आज शेवटचा उपास नीट झाला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

मी म्हणालो, "माझी पोरगी उपाशी हाय. बाजूला हो, ढेप ठेवू दे."

त्यानं पोरीकडं पाहिलं. मग विळा खाली टाकला आणि टेंपोतली ढेप उचलून माझ्या हातात दिली. त्यानंतरही आमच्यात काही गोड झालं नाही, पण त्या दिवशी त्यानं ढेपी दिल्या हे खरं आहे.

पारडी एका रेषेत आली. गुरवानं नारळ फोडला, बायकोनं हात जोडले आणि तिथंच हुंदका दिला. नवस फिटला. तिनं घरून वरण, भात, भाकरी आणि वांग्याची भाजी आणली होती. चिंचेखाली ताट मांडलं, आधी नैवेद्य, मग पहिलं ताट पोरीपुढं. आम्ही तिघं उभे. मला वाटलं, तीन वर्षांची भूक आहे, आता ती ताटावर तुटून पडेल.

तिनं भाकरीचा चतकोर खाल्ला. दोन घास वरणभात. मग हात ताटावर आडवा धरला. "बास, अप्पा. भरलं पोट."

"भरलं?"

"हो. आता जात न्हाई."

ती खोटं बोलत नव्हती. आता लपवायचं काही कारणच नव्हतं. एवढ्यातच तिचं पोट भरत होतं. उपास आज सुटला होता, पण उपासानं आक्रसून टाकलेलं तिचं पोट तसंच होतं. कोंबू नका, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं ते मला आत्ता कळलं. ताटात सगळं होतं आणि ते मी तिच्यात घालू शकत नव्हतो. कुठलाही भाव देऊन.

मी तिच्यासमोर मातीत बसलो. भाकरीचा एक तुकडा मोडून वरणात बुडवला. "एक घास. एवढाच."

तिनं घासाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अर्धा."

"पाऊण."

"अर्धा, अप्पा."

मी त्याचे दोन तुकडे केले आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला. ती तो बराच वेळ चावत बसली. उरलेला अर्धा माझ्या बोटांत तसाच होता. धाकट्यानं सवयीनं हात पुढं केला, तेव्हा बायकोनं त्याचा हात धरला आणि हळूच मागं घेतला.